वाऱ्याचे यंत्र बोलेनासे झाले तर

साताऱ्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर मोठी पठारे आहेत. चाळकेवाडीचे पठार आहे, वनकुसवड्याचे पठार आहे. तिथे पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. तुमच्यापैकी कोणी ठोसेघरचा धबधबा पाहायला गेला असेल, तर त्याला त्या दिसल्या असतील. वारा पाती फिरवतो आणि त्या फिरण्यातून वीज तयार होते.

अशाच एका पठारावरची ही गोष्ट आहे. कोणते पठार, कोणती कंपनी, ते आम्ही सांगत नाही. नावाशी आपल्याला काय करायचे आहे? आम्ही दोघे जण वाऱ्याची यंत्रे दुरुस्त करीत हिंडतो, आणि त्या कामातच ही गोष्ट आम्हांला कळली.

चैत्राचे दिवस होते. एका पवनचक्कीचे पाते बदलायचे होते. पाते केवढे? एस.टी.च्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात, त्याहूनही लांब. ते क्रेनने उचलायचे, उंच न्यायचे आणि बोल्टांनी बसवायचे. आता पाते हे वारा धरण्यासाठीच घडवलेले असते. जमिनीवरून उचलले की ते शिडासारखे वारा धरते. मग क्रेनला ते आवरत नाही. खाली दोर धरून उभी असलेली माणसे फरफटत जातात. म्हणून नियम असतो, की वारा अमुक वेगाच्या वर असला तर पाते उचलायचे नाही. त्या कामाच्या कागदावर आकडा लिहिला होता, सेकंदाला 8 मीटर.

वारा मोजायला जवळच 50 मीटर उंचीचा टॉवर होता. टॉवरच्या शेंड्यावर यंत्र होते. यंत्रापासून तार निघाली, ती टॉवरच्या पायथ्याशी आली, तिथून जमिनीखालून राखणदाराच्या खोलीत गेली. खोलीत एक पेटी होती. त्या पेटीवर वाऱ्याचा आकडा दिसे.

सकाळी साडेसातला सुपरवायझर खोलीत आले. पेटीवर 0.0 असा आकडा होता.

"वारा पडलाय. चला, घ्या पातं वर," ते म्हणाले.

खोलीचे राखणदार पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणत. दोन वर्षांपूर्वी ते रात्रीच्या वर्गात अंक शिकले आणि तेव्हापासून दर तासाला पेटीवरचा आकडा वहीत लिहू लागले. ते म्हणाले, "साहेब, जरा थांबा. पेटी शून्य म्हणतीय. पण दोरीवरचा माझा टॉवेल बघा. पार आडवा झालाय."

"मामा, आता टॉवेल बघून क्रेन चालवू का?"

"टॉवेल बघून नका चालवू. पण ही वही बघा. पहाटे पाचला मी 6.4 लिहिलंय. सहाला 7.1 लिहिलंय. अन् सातला एकदम शून्य? वारा काय दिवा विझवल्यागत जातो का?"

सुपरवायझरांनी वही पाहिली. मग ते बाहेर आले. धूळ उडत होती. बांधावरचे लहान झाड चांगले डोलत होते. त्यांनी क्रेनवाल्याला हात केला आणि काम थांबवले. एक दिवसाचे क्रेनचे भाडे अंगावर पडले. तरी ते मामांवर रागावले नाहीत. राग आला असला तरी त्यांनी तो गिळला, असे मामा आम्हांला हसत हसत म्हणाले.

दुपारी आम्ही तिथे पोचलो. तोवर एका तरुण पोराला टॉवरवर चढवायचे ठरले होते. कमरेला पट्टा बांधून तो तयारही झाला होता. आम्ही त्याला म्हटले, "बाबा रे, तू आधी खाली बैस. चहा घे. वर जायची वेळ आली तर वारा पडल्यावर पाहू."

आता यंत्र कसे बोलते ते आधी समजून घेऊ. ते समजले म्हणजे ते मुके कुठे झाले, तेही शोधता येते.

टॉवरवरचे ते यंत्र वाट्यांचे होते. तीन लहान वाट्या एका उभ्या दांड्याभोवती बसवलेल्या असतात. वारा आला की त्या गरगर फिरतात. जोराचा वारा, जोराचे फिरणे. ही युक्ती जुनी आहे. आयर्लंडमध्ये आर्माघ गावच्या वेधशाळेतील रॉबिन्सन नावाच्या गृहस्थांनी 1846 साली असे यंत्र पुढे आणले. त्यांच्या यंत्राला चार वाट्या होत्या. पुढे तीन वाट्यांची रीत पडली.

पूर्वी फिरण्याची मोजणी दातेरी चाके करीत. आता ती वीज करते. दांड्याबरोबर एक लहान लोहचुंबक फिरतो. तो जवळून गेला की एक बारीक स्विच मिटतो. लांब गेला की उघडतो. स्विच मिटला की तारेतून विजेची एक टिचकी खाली येते. खोलीतली पेटी फक्त टिचक्या मोजते. सेकंदाला किती टिचक्या आल्या, त्यावरून वेगाचा आकडा काढते. किती टिचक्यांना किती वेग, हा हिशेब प्रत्येक यंत्राच्या कागदावर छापलेला असतो. तो हिशेब पेटीत भरावा लागतो.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. वारा पूर्ण थांबला, तर वाट्या थांबतात. टिचकी येत नाही. पेटी म्हणते शून्य. आणि तार तुटली, तर? तरीही टिचकी येत नाही. पेटी म्हणते शून्य! पेटीला या दोन्हींतला फरक कळत नाही. कळायचा मार्गच तिला नाही. घरी पत्र आले नाही, म्हणजे मुंबईचा मुलगा मजेत आहे असेही नाही आणि आजारी आहे असेही नाही. कदाचित त्याने पत्र टाकले असेल आणि ते वाटेत हरवले असेल. वारा नसणे निराळे आणि वाऱ्याचा निरोप नसणे निराळे.

काही पेट्यांत याहून गंमत असते. वाट्या थांबल्या तरी आकडा 0.3 किंवा 0.4 दाखवतात. कारण त्यांच्या हिशेबात तेवढे आधीच मिळवलेले असते. असा आकडा तासन् तास जागचा हलत नसेल, तर त्याचा अर्थ शून्यच समजावा, आणि मग हे शून्य कोणते ते शोधावे.

मामांच्या टॉवरवर आम्ही काय केले ते सांगतो. वाट तीन टप्प्यांची होती. यंत्रापासून टॉवरच्या पायथ्यापर्यंत, पायथ्यापासून खोलीपर्यंत, आणि खोलीतली पेटी. आम्ही जवळच्या टोकापासून सुरुवात केली. पेटीत आलेल्या दोन तारा सोडवल्या. त्या जागी तारेचा एक लहान तुकडा घेऊन तो टेकवला, उचलला, टेकवला, उचलला. म्हणजे आम्हीच हाताने टिचक्या दिल्या. पेटीवर लगेच आकडा हलला. तर मग पेटी निर्दोष. तारा पुन्हा जोडल्या.

मग आम्हांपैकी एक जण टॉवरच्या पायथ्याशी गेला. तिथे जोडाची पेटी असते. ती उघडून वरून येणाऱ्या तारा सोडवल्या आणि खाली जाणाऱ्या तारांना तशाच टिचक्या दिल्या. दुसरा मामांजवळ खोलीत बसून होता. मोबाईलवरून विचारले, "काही दिसतंय का?" उत्तर आले, "काही नाही. शून्यच."

झाले! दोष पायथा आणि खोली यांच्यामध्ये. टॉवरवर नाहीच. तो पोरगा कुठे चढणार होता? जिथे काही बिघडलेच नव्हते तिथे, तेही भर वाऱ्यात.

चर उकरत गेलो. केबल पाइपातून घातली होती, पण खोलीपासून सात-आठ हातांवर पाइप संपला होता. पुढे केबल नुसती मातीत होती. तिथे घुशीने ती कुरतडली होती. नवा तुकडा घातला, जोड नीट झाकला, पाइप भिंतीपर्यंत नेला. संध्याकाळी पेटीने 9.2 असा आकडा दाखवला. मामा वहीत लिहिताना म्हणाले, "बघा. टॉवेल खोटं बोलत नव्हता."

इथे एक इशारा. तारा टेकवून पाहण्याचा हा उपाय फक्त नुसत्या स्विचच्या यंत्राला चालतो. ज्या केबलमधून यंत्राला वीज जाते, तिच्या तारा एकमेकींना लावू नका. फ्यूज जाईल, नाहीतर आणखी काही जळेल. आधी यंत्राचा कागद पाहावा.

हल्ली दुसऱ्या जातीची यंत्रे पुष्कळ बसतात. त्यांत फिरणारे काहीच नसते. चार लहान खुंट्या समोरासमोर उभ्या असतात. एक खुंटी आवाज करते, समोरची ऐकते. हा आवाज इतका बारीक असतो, की माणसाला तो ऐकू येत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. वाऱ्याच्या दिशेने जाताना तो लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध जाताना उशिरा. नदीत प्रवाहाबरोबर पोहणे आणि प्रवाहाविरुद्ध पोहणे, तसेच हे. खुंट्यांमधले अंतर एका वितीच्या आतबाहेर असते, त्यामुळे हा फरक सेकंदाच्या अगदी बारीक अंशाचा असतो. तो मोजून यंत्र वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही सांगते.

हे यंत्र टिचकी देत नाही. ते ओळ लिहून पाठवते. पोस्टकार्डासारखी ओळ. पाठवणारा कोण, दिशा किती अंश, वेग किती, वेगाचे माप कोणते, आणि शेवटी "माझी प्रकृती ठीक आहे" किंवा "ठीक नाही" अशी एका अक्षराची खूण. जहाजांवरच्या यंत्रांमध्ये ओळीची एक ठरलेली रीत आहे, ती जमिनीवरही वापरतात. तिला एन-एम-ई-ए 0183 म्हणतात. तिच्यात ठीक असल्याची खूण 'ए' आणि ठीक नसल्याची खूण 'व्ही'. ओळीच्या शेवटी तपासणीचा अंक असतो. वाणी बिलाखाली बेरीज मांडतो ना? आपण पुन्हा हिशेब करून पाहतो, जुळला तर बिल बरोबर. तसे खालची पेटी ओळीतील अक्षरांचा ठरलेला हिशेब करून पाहते. जुळला नाही तर ओळ वाटेत बिघडली असे समजून टाकून देते.

तेव्हा हे यंत्र वाट्यांच्या यंत्रापेक्षा शहाणे. खुंट्यांमध्ये कोळ्याने जाळे विणले, पक्षी येऊन बसला, तर ते स्वतःच सांगू शकते, की आत्ताचा माझा आकडा धरू नका. पण ऐकणाऱ्या पेटीने ती खूण वाचली पाहिजे. आम्ही अशा पेट्या पाहिल्या आहेत, की ज्या वेगाचा आकडा तेवढा उचलतात आणि खुणेकडे पाहतही नाहीत. याला काय म्हणावे?

असे यंत्र बोलेनासे झाले, की पहिल्याने वीज पाहावी. खोलीत 12 व्होल्ट आहे म्हणून वरही 12 आहे असे धरू नये. लांब आणि बारीक तारेत काही व्होल्ट वाटेतच जातात. पाण्याच्या लांब नळीच्या शेवटी धार बारीक होते, तसे. यंत्र चालू असताना त्याच्या टोकाशी मीटर लावून मोजले तरच खरे कळते.

मग जोड पाहावेत. जोडात पाणी शिरलेले असते, हिरवा गंज चढलेला असतो. केबल खोलीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. म्हणजे पावसाचे पाणी झोळापाशी ठिबकून जाते, आत येत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा एक झोळ पुष्कळ फेऱ्या वाचवतो.

वीज आहे, जोड ठीक आहेत, तरी बोलणे नाही. मग बोलण्याची रीत पाहावी. तारेवरून बोलण्याच्या दोन रीती सर्रास चालतात. एकीला आरएस-232 म्हणतात, दुसरीला आरएस-485. पहिली साधारण 15 मीटरपर्यंतच्या अंतरासाठी. दुसरी 1200 मीटरपर्यंत जाऊ शकते. कोणी पहिल्या रीतीचे यंत्र 50 मीटरच्या टॉवरवर बसवले आणि ते कधी बोलते, कधी नाही, तर दोष यंत्राचा नव्हे.

पहिल्या रीतीत एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडायचे असते. बोलण्याची तार समोरच्याच्या ऐकण्याच्या ठिकाणी. पुष्कळदा लोक तोंड तोंडाला आणि कान कानाला जोडतात. मग दोघे बोलतात आणि ऐकत कोणीच नाही! इथे एक सोपी परीक्षा आहे. यंत्र सोडवून ठेवावे आणि केबलच्या त्या टोकाला बोलण्याची आणि ऐकण्याची तार एकमेकींना जोडावी. मग संगणकावर एक अक्षर टाइप करावे. ते अक्षर फिरून परत आले, तर केबल आणि संगणक दोन्ही चांगले. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकावा तसे हे. नाही आले, तर यंत्राला दोष देण्याआधी केबल पाहावी.

दुसऱ्या रीतीत दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यांना 'ए' आणि 'बी' म्हणतात. आता इथे यंत्रे बनवणाऱ्यांनी मोठा घोळ घालून ठेवला आहे. एकाचा 'ए' तो दुसऱ्याचा 'बी'. नावाप्रमाणे बरोबर जोडले तरी उलटे होते. म्हणून नवीन जोडणी मुकी राहिली, तर या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. तेवढ्याने काही जळत नाही. आम्ही स्वतः एकदा यासाठी पूर्ण दिवस घालवला. यंत्र बदलले, केबल बदलली, पेटी बदलली. शेवटी दोन स्क्रू सैल करून तारा उलट्या लावल्या आणि पहिलेच यंत्र खणखणीत बोलू लागले. त्या दिवसाचे जेवण राहिले ते राहिलेच.

कधी असे होते, की यंत्र बोलते पण अक्षरे भलतीच दिसतात. प्रश्नचिन्हे, चौकोन, वाकडीतिकडी खूण. याचा अर्थ बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची चाल जुळत नाही. या चालीला बॉड म्हणतात. जहाजाच्या रीतीची साधी चाल 4800. पुष्कळ यंत्रांची 9600. एक 4800 च्या चालीने बोलतो आणि दुसरा 9600 च्या चालीने ऐकतो, मग कीर्तन सुरू असून झांजांचा नुसता गोंगाट ऐकू यावा तसे होते. हा दोष आम्हांला आवडतो. कारण भलती अक्षरे आली, म्हणजे वीज आहे, तार आहे, यंत्र जिवंत आहे. फक्त आकडा बदलायचा.

एकाच तारेवर दोन-तीन यंत्रे असली, तर प्रत्येकाला आपला नंबर असतो. पेटी नंबर घेऊन हाक मारते आणि ज्याचा नंबर तोच उत्तर देतो. दुकानातून नवी यंत्रे येतात तेव्हा बहुधा सगळ्यांचा नंबर एकच असतो. मग एका हाकेला दोघे ओ देतात आणि दोघांचेही कळत नाही. नंबर एकेकाचा, निराळा बसवून घ्यावा. आणि काही यंत्रे हाक मारल्याशिवाय बोलतच नाहीत. ती मुकी नसतात. त्यांना कोणी विचारलेले नसते.

संगणकाचेही एक सांगून ठेवतो. यूएसबीची तार काढून दुसऱ्या ठिकाणी लावली, की संगणक त्या दाराला नवा नंबर देतो. काल यंत्र 3 नंबरच्या दाराशी होते, आज 5 नंबरच्या. आपण 3 नंबरपाशी कान लावून बसतो. तसेच, एका दारावर एकच प्रोग्राम बसू शकतो. जुना प्रोग्राम उघडा राहिला असेल, तर नव्याला दार मिळत नाही. तो बंद करावा.

आता पठार सोडून नाशिककडच्या एका द्राक्षबागेत जाऊ. तिथेही वाऱ्याचे यंत्र होते, पण निराळ्या कारणासाठी. वारा जास्त असताना औषध फवारले तर ते शेजारच्या रानात जाते. म्हणून बागाईतदार वारा पाहून फवारणी करीत. त्यांचे यंत्र रोज पहाटे दोन-तीनला गप्प होई आणि सकाळी नऊच्या सुमारास आपोआप बोलू लागे. दोनदा यंत्र बदलून झाले. नवे यंत्रही तसेच वागे. फवारणीची वेळ नेमकी पहाटेची!

आम्ही गेलो तेव्हा बागाईतदारांना एकच विचारले, "दादा, हे रोज ठरल्या वेळी होतं का?" ते म्हणाले, "घड्याळ लावून घ्या." मग यंत्राकडे न पाहता आम्ही सौर पॅनेलकडे पाहिले. त्याच्यावर धुळीचा आणि औषधाच्या फवाऱ्याचा थर होता. बॅटरी जुनी झाली होती. दिवसा ती पुरती भरत नव्हती आणि मध्यरात्र उलटली की संपत होती. ऊन वर आले की पुन्हा जीव येई. पॅनेल पुसले, बॅटरी बदलली. जो दोष वेळ पाळतो, त्याचे कारणही वेळ पाळणारेच असते. ऊन, दव, रात्रीची थंडी, कोणाची मोटार सुरू होण्याची वेळ. म्हणून यंत्र केव्हा गप्प झाले आणि केव्हा बोलले, हे लिहिलेले असले की अर्धे काम तिथेच होते. मामांच्या वहीने पठारावर हेच काम केले.

वहीत काय लिहायचे, हेही महत्त्वाचे आहे. निरोप आला नाही, तर 0 लिहू नये. रकाना मोकळा ठेवावा आणि शेरा लिहावा, 'निरोप नाही'. यात एवढे काय, असे वाटेल. हिशेब करून पाहा. महिन्याचे 30 दिवस. खरा वारा सरासरी सेकंदाला 6 मीटर. पाच दिवस तार तुटली होती आणि ते पाच दिवस 0 धरले. मग 25 दिवसांचे सहा-सहा मिळून 150 झाले, त्याला 30 ने भागले. सरासरी आली 5. एकाचाच तर फरक! पण वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते. सहाचा घन 216, पाचचा घन 125. कागदावर त्या जागेची ताकद चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. पवनचक्की तिथे बसवावी की नाही, जमीनमालकाला भाडे मिळावे की नाही, हे अशा कागदांवरून ठरते. घुशीने कुरतडलेल्या तारेमुळे चांगल्या वाऱ्याचे रान नापास व्हायचे.

काही पेट्या निरोप आला नाही की 999 असा आकडा लिहितात. हे बरे. कारण 999 चा वारा नसतो, हे कोणालाही कळते. माणसाला कळते, पण सरासरी काढणाऱ्या संगणकाला सांगावे लागते. काही पेट्या याहून लबाड असतात. निरोप थांबला की शेवटचा आकडाच दाखवत राहतात. 7.2, पुन्हा 7.2, पुन्हा 7.2. खरा वारा असा एका आकड्यावर बसून राहत नाही.

आकड्याचे मापही पाहावे. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले. त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटर मोजला गेला. हाच वारा सेकंदाला सुमारे 32 मीटर होतो, आणि जहाजाच्या मापाने सुमारे 62 नॉट. वारा एक, आकडे तीन. सेकंदाच्या मीटरला 3.6 ने गुणले की ताशी किलोमीटर येतात. यंत्र एका मापात बोलते आणि पेटी दुसऱ्या मापात ऐकते, तर आकडा येतो, हलतो, खरा वाटतो, पण चुकलेला असतो. मुक्या यंत्रापेक्षा असे यंत्र अधिक घातक. मुक्याचा निदान संशय तरी येतो.

मग आकडा खरा की खोटा हे ओळखायचे कशाने? डोळ्यांनी. ब्यूफर्ट नावाच्या दर्यावर्दी अधिकाऱ्याने 1805 च्या सुमारास वाऱ्याच्या पायऱ्या केल्या, शून्य ते बारा. त्या अजून चालतात. धूर सरळ वर गेला तर वारा नाही. हलका झेंडा पसरला तर सेकंदाला साडेतीन ते साडेपाच मीटर. धूळ आणि कागद उडू लागले तर साडेपाच ते आठ. पाने असलेली लहान झाडे डोलू लागली तर आठच्या वर. विजेच्या तारा शीळ घालू लागल्या आणि छत्री आवरेनाशी झाली तर अकराच्या आसपास किंवा अधिक. हे जमिनीजवळचे. उंचावर वारा बहुधा याहून जोराचा असतो. मामांनी ब्यूफर्टचे नाव ऐकले नव्हते. पण टॉवेल त्यांनी रोज पाहिला होता.

शेवटी वर चढण्याबद्दल. खालची सारी परीक्षा झाल्याशिवाय कोणीही टॉवरवर चढू नये. एकट्याने तर कधीच नाही. वीज कडाडत असेल तर टॉवरच्या पायथ्याशीही थांबू नये आणि केबलला हात लावू नये. ज्याला ते काम शिकवलेले आहे त्यानेच, पट्टा लावून, खाली दुसरा माणूस ठेवून चढावे. आकडा उद्या मिळाला तरी चालतो.

आता थोडा अभ्यास. राखणदाराच्या वहीतले हे एक पान आहे. त्या दिवशी देवळावरचा झेंडा सकाळपासून सारखा फडफडत होता.

सकाळी 6 : 4.1
सकाळी 7 : 4.8
सकाळी 8 : 5.3
सकाळी 9 : 0.0
सकाळी 10 : 0.0
सकाळी 11 : 7.2
दुपारी 12 : 7.2
दुपारी 1 : 7.2
दुपारी 2 : 999
दुपारी 3 : 8.6

कोणते आकडे तुम्ही वाऱ्याचे मानाल? कोणत्या आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल काढाल, आणि त्यांच्यापुढे काय शेरा लिहाल? फक्त खऱ्या आकड्यांची सरासरी काढा. नंतर सगळे आकडे धरून सरासरी काढा आणि दोन्ही उत्तरे शेजारी लिहा. सकाळी 11 चा 7.2 खरा धरायचा की नाही, याबद्दल वर्गात दोन मते होतील. दोन्ही बाजूंनी बोलून पाहा.